मूल होत नाही, तेव्हा प्रथम कोठे जावे?

विवाहाला दोन-तीन वर्षे लोटली आणि घरात पाळणा हलला नाही, म्हणजे आपल्याकडे ज्या हालचाली सुरू होतात त्यांचा क्रम बहुधा ठरून गेलेला असतो: आधी शेजारपाजारची कुजबुज, मग सासूबाईंनी आणि माहेरच्या आईने परस्परांस न कळविता बोललेले नवस, आणि त्यानंतर कोणा नातलगाने नाव सुचविलेल्या एखाद्या मोठ्या इस्पितळात सुनेला एकटीलाच घेऊन जाणे. माधवनगर, बुधगाव, कवलापूर या टापूतील लोकांना असे इस्पितळ शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडले तेव्हापासून वैद्यकीय सेवेबद्दल त्या शहराची कीर्ती दूरदूरच्या मुलखात पसरली, १९६२ साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि सांगलीचे सिव्हिल हॉस्पिटल तर माधवनगरहून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर आहे. तज्ज्ञांची या भागाला वाण नाही. तरीही जी जोडपी वर्षानुवर्षे या दवाखान्यातून त्या दवाखान्यात हिंडत राहतात, त्यांची जाड फाइल उघडून पाहिली तर पुष्कळदा असे आढळते, की पत्नीची सोनोग्राफी जागोजागी झालेली आहे, रक्ताचे तेच ते तपास दर नव्या डॉक्टरने नव्याने करविलेले आहेत, आणि पतीचे वीर्य मात्र एकदाही तपासले गेलेले नाही.

म्हणून माझे पहिले आणि सर्वांत आग्रहाचे सांगणे हे, की या प्रश्नाचा आरंभ आपल्या नेहमीच्या, घरच्या डॉक्टरांकडे करावा, तो पतिपत्नी दोघांनी बरोबर जाऊन करावा, आणि पुढे तज्ज्ञांकडे जाण्याची वेळ आली तरी सगळे दप्तर या एका डॉक्टरांच्या नजरेखाली राहील अशी तजवीज ठेवावी. ज्याला दोन्ही घरे ठाऊक आहेत, कोणाच्या वडिलांना मधुमेह होता आणि कोणाच्या आत्याला क्षय झाला होता हे ज्याला विचारावेही लागत नाही, अशा माणसाने सुरुवातीच्या साऱ्या गोष्टी शांतपणे उलगडून घेतल्या, तर पुढचा निम्मा खर्च आणि त्याहून अधिक मनस्ताप वाचतो. या सुरुवातीच्या तपासण्यांपैकी बहुतेक स्वस्त आहेत, आपल्याच गावात होणाऱ्या आहेत, आणि त्यांना दोन-तीन महिन्यांहून अधिक काळ लागू नये.

परंतु डॉक्टरांकडे केव्हा जावे? वैद्यकशास्त्राने यासाठी एक मुदत घालून दिली आहे. कोणतेही संततिनियमनाचे साधन न वापरता, नियमित शरीरसंबंध असताना एका वर्षात दिवस गेले नाहीत, तर तपास सुरू करावा. पत्नीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबावे. आणि चाळिशीला टेकलेल्या स्त्रीने मुळीच थांबू नये. निरोगी जोडप्यांपैकी शेकडा ८० हून अधिक जणांना पहिल्या वर्षात गर्भधारणा होते आणि उरलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना दुसऱ्या वर्षात, हे लक्षात घेतले म्हणजे लग्नानंतर चार महिन्यांतच सुनेला दवाखान्यात नेणाऱ्या वडीलधाऱ्यांची घाई किती अनाठायी असते ते कळून येईल. ज्या स्त्रीची पाळी तीन-तीन महिने येत नाही, जिच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे, जिला पूर्वी क्षय किंवा ओटीपोटात पू झाला होता, अथवा ज्या पुरुषाची वृषणे लहानपणी खाली उतरली नव्हती, त्यांनी मात्र वर्षाची वाट पाहण्याचे कारण नाही.

या एका वर्षाच्या हिशेबात आपल्या जिल्ह्यापुरती एक अडचण आहे आणि ती मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांच्या ध्यानात सहसा येत नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांतील हजारो माणसे गलाईच्या व्यवसायासाठी, म्हणजे सोनेचांदी शुद्ध करण्याच्या कामासाठी, भारतभर पांगलेली आहेत. कोणी पश्चिम बंगालमध्ये, कोणी तमिळनाडूत, कोणी पंजाबात. नवरा तिकडे, बायको इकडे सासूसासऱ्यांजवळ, आणि गाठ पडते ती दिवाळीला, यात्रेला आणि एखाद्या लग्नकार्याला. लग्नाला पाच वर्षे झाली असली तरी एकत्र घालविलेल्या दिवसांची बेरीज कधी कधी पाच महिन्यांचीही भरत नाही, आणि अशा स्त्रीला वंध्यत्वाचे औषध सुरू करणे म्हणजे तिच्यावर उघड अन्याय करणे होय. लष्करातील जवान, लांब पल्ल्याचे ट्रकचालक, हंगामासाठी बाहेर जाणारे ऊसतोड कामगार यांच्याही बाबतीत हीच चौकशी आधी झाली पाहिजे. येथे औषध एकच: सलग सहा-आठ महिने पतिपत्नींनी एका छपराखाली राहावे. घरातील वडीलधाऱ्यांनी त्यासाठी सुनेला नवऱ्याबरोबर परगावी पाठविण्याची तयारी दाखविली, तर ती कोणत्याही नवसापेक्षा अधिक फळाला येईल.

एकत्र राहणाऱ्यांनीही महिन्यातील कोणते दिवस महत्त्वाचे हे समजून घ्यावे. जपानातील ओगिनो आणि ऑस्ट्रियातील क्नाउस या दोघा डॉक्टरांनी १९२० नंतरच्या दशकात स्वतंत्रपणे असे दाखवून दिले, की स्त्रीबीज बाहेर पडते ते पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी. याचा अर्थ, जिची पाळी २८ दिवसांनी येते तिचे बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटते आणि जिची ३५ दिवसांनी येते तिचे एकविसाव्या दिवसाच्या आसपास. सुटलेले बीज जेमतेम एक दिवस टिकते. शुक्रजंतू मात्र गर्भाशयमुखाच्या आश्रयाने पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. तेव्हा बीज सुटण्याचा दिवस आणि त्यापूर्वीचे पाच दिवस हा खरा अनुकूल काळ. दिनदर्शिकेवर खुणा करून त्या एका रात्रीचा धाक बाळगण्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवणे हे अधिक स्वाभाविक आणि तितकेच परिणामकारक असते. गौरी-गणपतीत किंवा घरच्या पूजेसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. एखाद्या वेळी घेतल्याने वंध्यत्व येत नाही, पण त्या महिन्याचा सारा हिशेब विस्कटतो, म्हणून मूल हवे असणाऱ्या स्त्रीने त्या टाळाव्यात.

आता प्रत्यक्ष पहिल्या भेटीविषयी. या भेटीत डॉक्टरांनी पतिपत्नींशी आधी एकत्र आणि मग निरनिराळे बोलले पाहिजे, आणि सोबत आलेल्या सासूबाईंना वा नणंदेला अदबीने बाहेर बसण्यास सांगितले पाहिजे. याविषयी डॉक्टरांनी संकोच करू नये आणि नातलगांनी राग मानू नये. सासूसमोर बसलेली मुलगी खाली मान घालून पदराचे टोक बोटाला गुंडाळीत राहते, पाळी वेळेवर येते का या प्रश्नाचे उत्तरही तिच्या वतीने दुसरेच कोणी देते, आणि खरी हकीगत दार लोटून घेतल्यावाचून बाहेर येत नाही. ती हकीगत कधी लग्नापूर्वीच्या गर्भपाताची असते, कधी पहिल्या बाळंतपणानंतर अंगावर काढलेल्या तापाची, आणि कधी तर अशी असते, की दोन वर्षांच्या संसारात शरीरसंबंध एकदाही नीट घडून आलेला नाही. या शेवटच्या प्रकाराची जोडपी मुळीच दुर्मीळ नाहीत. पत्नीच्या स्नायूंचे भीतीने होणारे आकुंचन, पतीचा मधुमेह किंवा नुसती चिंता, एकत्र कुटुंबातील एकांताचा अभाव, अशी त्याची कारणे असतात. बहुतेकांवर साधे आणि निश्चित उपाय आहेत. पण विचारणारा भेटला नाही तर अशी स्त्री नळ्यांच्या तपासणीपर्यंत जाऊन पोहोचते. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून पुढे सव्वीस वर्षे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून या विषयांवर स्पष्ट मराठीत लिहिले, त्याबद्दल त्यांना कोर्टकचेऱ्या सोसाव्या लागल्या. त्यांच्या मृत्यूला इतकी वर्षे होऊनही डॉक्टर आणि रुग्ण या दोघांना हे प्रश्न तोंडाने उच्चारणे जड जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

बोलणे झाल्यावर पत्नीचे वजन, उंची, रक्तदाब पाहावा. गळ्याची गाठ सुजली आहे का, हनुवटीवर राठ केस आहेत का, मानेभोवती मखमलीसारखा काळसर पट्टा आहे का, स्तनातून दूध येते का, हे पाहावे. हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइडचा तपास करावा. याच भेटीत फॉलिक आम्लाची रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करावी, कारण गर्भाचा मज्जारज्जू घडतो तो पाळी चुकल्याचे नीट ध्यानात येण्यापूर्वीच. मधुमेह असलेल्या वा फेफऱ्याची औषधे घेणाऱ्या स्त्रियांना ही मात्रा बरीच अधिक लागते, ती डॉक्टरांनी ठरवावी. आणि मशेरीविषयी आवर्जून विचारावे. सकाळी उठल्याबरोबर तव्यावर भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना लावणारी बाई स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत मोजीत नाही, त्यामुळे तंबाखूचे व्यसन आहे का असे विचारले तर ती प्रामाणिकपणे नाही म्हणते. मशेरीतील निकोटिन रक्तात जातेच, आणि पुढे गर्भ राहिला तर कमी वजनाच्या आणि मृत जन्मणाऱ्या बालकांशी तंबाखूचा संबंध सिद्ध झालेला आहे. पतीची बिडी, गुटखा आणि दारू यांचीही झडती त्याच बैठकीत व्हावी.

यानंतरची पायरी पतीच्या वीर्यतपासणीची, आणि ती पत्नीच्या कोणत्याही त्रासदायक तपासणीच्या आधी झालीच पाहिजे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील दोषाचा काही ना काही भाग असतो, ही गोष्ट आता निर्विवाद आहे. असे असता तपासाचा सगळा भार स्त्रीच्या शरीरावर टाकणे शास्त्रालाही धरून नाही आणि न्यायालाही. तपासणीपूर्वी किमान दोन आणि कमाल सात दिवस संबंध वर्ज्य करावा. प्रयोगशाळेने दिलेल्या स्वच्छ, रुंद तोंडाच्या डबीतच नमुना घ्यावा. साबण, तेल किंवा साधा निरोध वापरू नये. सुरुवातीचा भाग सांडला असेल तर तसे सांगावे. आणि घरून आणायचा असल्यास डबी अंगाशी, कपड्यांच्या आत धरून एका तासाच्या आत पोहोचवावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये एक कोटी साठ लाख शुक्रजंतू, त्यांपैकी शेकडा ४२ हालचाल करणारे आणि शेकडा ४ निर्दोष आकाराचे, ही खालची मर्यादा मानली जाते. हा शेवटचा आकडा वाचून पुष्कळ तरुण हबकतात. शंभरातील शहाण्णव सदोष म्हणजे आपण कामातून गेलो असे त्यांना वाटते. तसे काही नाही. निरोगी, मुले झालेल्या पुरुषांतही बहुतांश शुक्रजंतू निर्दोष आकाराचे नसतात. अहवाल खराब आला तर त्यावरून निकाल देऊ नये. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, त्या मुदतीत एखादा मोठा ताप येऊन गेला असला तरी संख्या घटते. तेव्हा तीन महिन्यांनी फेरतपासणी करावी. एकही शुक्रजंतू आढळला नाही, तर मात्र फेरतपास लवकर करून तज्ज्ञांकडे पाठवावे.

पुरुषांच्या बाबतीत आपल्या भागातील आणखी दोन गोष्टी सांगावयास हव्यात. गलाईच्या भट्टीजवळ तासन्‌तास बसणे, गुळाच्या चुलाणाशी वा बॉयलरजवळ काम करणे यांत वृषणांना उष्णता लागते, आणि शुक्रजंतूंची निर्मिती शरीराहून किंचित थंड जागीच नीट होते. त्यातून शिशासारख्या धातूंची वाफ श्वासावाटे जात असेल तर ती स्वतंत्रपणे अपायकारक आहे. दुसरी गोष्ट अधिक तळमळीने सांगतो. सांगली-सातारा हा कुस्तीचा मुलूख, तालमीची माती अंगाला लावून वाढलेली मुले येथे घरोघर आहेत, आणि त्यांतील काहींना आता शरीर झटपट भरावे म्हणून टेस्टोस्टेरॉनची आणि तत्सम इंजेक्शने कोणीतरी टोचून देतो. पुरुषत्वाचे म्हणून दिले जाणारे हे संप्रेरक बाहेरून मिळू लागले की मेंदू वृषणांना काम करण्याची आज्ञा देणे थांबवितो आणि शुक्रजंतू जवळजवळ नाहीसे होतात. इंजेक्शने बंद केल्यावर बहुतेकांचे पूर्ववत होते, पण त्यास कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. हे तरुण डॉक्टरांना आपण होऊन काही सांगत नाहीत; त्यांच्या भरदार दंडांकडे पाहून डॉक्टरांनीच विचारले पाहिजे.

स्त्रीकडील कारणांत पाळीच्या अनियमिततेचे कारण सर्वांत अधिक आढळते आणि सुदैवाने तेच सर्वांत साध्य आहे. जिची पाळी दरमहा ठराविक दिवसांनी येते तिचे बीज बहुधा सुटतच असते. खात्री करावयाची तर प्रोजेस्टेरॉनचा तपास पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी करावा. येथे एक चूक सर्रास होते: २८ दिवसांच्या पाळीचा एकविसावा दिवस सर्वच स्त्रियांना लावला जातो, आणि ३५ दिवसांनी पाळी येणाऱ्या स्त्रीचा तपास अठ्ठाविसाव्या दिवशी व्हावयाचा तो सात दिवस अगोदर होऊन तिच्यावर बीज सुटत नसल्याचा ठपका बसतो. ज्या विकाराला लोक पीसीओडी म्हणतात, त्यात बीजकोशातील अनेक बीजपुटे अर्धवट वाढून थांबलेली असतात; सोनोग्राफीत दिसणाऱ्या या तथाकथित गाठी कापून काढावयाच्या नसतात आणि त्यांतून कर्करोगही उद्भवत नाही. या विकारात वजन अधिक असेल तर त्यातील शेकडा ५ ते १० घटले तरी, म्हणजे ८० किलोच्या स्त्रीचे चार ते आठ किलो उतरले तरी, पुष्कळ जणींची पाळी आपोआप मार्गावर येते. तेवढ्याने भागले नाही तर लेट्रोझोल हे आज पहिल्या पसंतीचे औषध मानले जाते, आणि ते पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांपासून पाच दिवस देतात.

पण हे औषध किंवा त्याच्या आधीचे क्लोमिफेन नुसते लिहून देऊन महिनोन्‌महिने घेत राहावयाचे नाही, हे माझ्या समव्यवसायी मित्रांनाही मी विनयपूर्वक सांगू इच्छितो. वीर्याचा अहवाल हाती नसताना ते सुरू करू नये. पहिल्या महिन्यात तरी बीज किती वाढते आणि किती बीजे वाढतात हे सोनोग्राफीने पाहावे, कारण जुळ्या-तिळ्यांचा धोका खरा आहे. आणि बीज सुटत असूनही सहा महिन्यांत दिवस गेले नाहीत तर वरच्या तज्ज्ञांकडे पाठवावे. तसेच क्युरेटिन, म्हणजे पिशवी साफ करून घेणे, हा मूल होण्याचा उपचार नव्हे. पिशवी साफ केली म्हणजे कूस उजवते ही समजूत खेड्यापाड्यांत अजून घट्ट आहे. उलट वारंवार केलेल्या या क्रियेने गर्भाशयाचे अस्तर खरवडले जाऊन आतून चिकटते आणि जो दोष नव्हता तो निर्माण होतो.

नळ्यांचा विषय थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण आपल्या देशात नळ्या बिघडण्याच्या कारणांत क्षयाचे स्थान मोठे आहे. सांगलीहून मिरजेकडे जाताना वॉनलेसवाडी लागते. तेथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होते, आणि एके काळी फुप्फुसाच्या क्षयावर कोरडी हवा, पौष्टिक आहार आणि विश्रांती यांखेरीज दुसरा इलाज नव्हता. आज औषधे आहेत, ती सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात, म्हणून क्षय हा आता खोकणाऱ्या माणसाचाच आजार अशी समजूत झाली आहे. परंतु फुप्फुसात शिरलेले जंतू रक्तावाटे गर्भनलिकांत जाऊन तेथे वर्षानुवर्षे निमूट राहू शकतात. अशा स्त्रीला खोकला नसतो, ताप नसतो, छातीचा फोटो स्वच्छ असतो. फार तर पाळीला अंगावरून कमी जाऊ लागलेले असते, आणि मूल होत नाही एवढीच तिची तक्रार असते. तेव्हा लहानपणी गळ्याला गाठी आल्या होत्या का, घरात आजोबा-आजीला सहा महिन्यांची औषधे चालू होती का, असे खोदून विचारावे. संशय असल्यास पाळीपूर्वी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून तो तपासतात. निदान पक्के झाले तर सहा महिन्यांचा औषधोपचार पुरा करावाच. मात्र औषधांनी जंतू मरतात, पण एकदा आखडलेल्या नळ्या पुष्कळदा मोकळ्या होत नाहीत, हे जोडप्याला आधीच स्पष्ट सांगावे. आणि एकाच चाचणीच्या कागदावर, दुसरा कोणताही पुरावा नसता, सहा महिन्यांची औषधे सुरू होत असतील तर दुसरे मत घ्यावे.

नळ्या पाहण्याचा साधा मार्ग म्हणजे नळ्यांचा फोटो. पाळी संपल्यानंतर आणि बीज सुटण्यापूर्वी गर्भाशयात रंगद्रव सोडून क्ष-किरणांनी तो कोठवर जातो ते पाहतात. पाच-दहा मिनिटांचे काम आहे. पाळीच्या वेळेसारखी कळ येते आणि जाते. भीतीने नळीचे तोंड आवळले गेले तर ती मोकळी असूनही बंद दिसू शकते, म्हणून ‘दोन्ही नळ्या बंद’ एवढ्या एका शेऱ्यावर हताश होऊ नये. दुर्बिणीतून पाहून खात्री करता येते.

वर्तमानपत्रांतील आणि भिंतींवरील जाहिरातींविषयी थोडेच लिहितो. स्त्रीच्या वंध्यत्वावर हमखास गुण येण्याची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय यांविषयीच्या कायद्याने मना आहे; जो उघडपणे कायदा मोडतो त्याच्या पुडीत काय असेल त्याचा भरवसा धरू नये. मुलगाच होईल अशी औषधे मागणाऱ्यांना माझे सांगणे, की गर्भाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणीच ठरते आणि ते पुरुषबीजाने ठरते. आणि ज्या जिल्ह्याने २०१७ साली म्हैसाळचे स्त्रीभ्रूणहत्येचे प्रकरण पाहिले, त्या जिल्ह्यात तरी ही मागणी कोणाच्या ओठांवर येऊ नये.

इतके करूनही दिवस गेले नाहीत, किंवा दोन्ही नळ्या खरोखरच निकामी असल्या, वा शुक्रजंतू फारच थोडे असले, तर प्रयोगशाळेत गर्भधारणा घडवून आणण्याचा मार्ग उरतो. इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी असे पहिले मूल जन्मले. त्यानंतर सत्तर दिवसांनी कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तीच गोष्ट साधली, पण त्यांच्या हयातीत त्यांना मान्यता मिळाली नाही. आणि ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी जन्मलेल्या मुलीने या विद्येला आपल्या देशात प्रतिष्ठा मिळवून दिली. आज सांगली-मिरजेच्या रस्त्यांवर टेस्ट ट्यूब बेबीच्या पाट्या दिसतात. तेथे जाण्यापूर्वी घरच्या डॉक्टरांसह बसून काही प्रश्न लिहून काढावेत: अशा उपचारांविषयीच्या २०२१ च्या कायद्याखाली या केंद्राची नोंदणी झाली आहे काय, माझ्या वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात किती जणींच्या हाती प्रत्यक्ष मूल आले (नुसती चाचणी किती जणींची जुळली, हे उत्तर पुरेसे नाही), औषधांसह एका खेपेचा एकूण खर्च लेखी द्याल काय, आणि ही खेप फसली तर पुढचा विचार काय? तरुण स्त्रीतही एका खेपेला यश येण्याची शक्यता तिनात एक अशीच काहीशी असते आणि चाळिशीनंतर ती झपाट्याने घसरते. या कायद्याने स्त्रीसाठी २१ ते ५० आणि पुरुषासाठी २१ ते ५५ अशी वयोमर्यादा घातली आहे. जमीन गहाण टाकून वा स्त्रीधन मोडून उपचार करावयाचे असतील तर किती खेपांपर्यंत जावयाचे हे पतिपत्नींनी पहिल्या खेपेआधीच ठरवून टाकावे. निराशेच्या भरात असा निर्णय नीट होत नाही.

घरातील माणसांनी या काळात काय करावे? सुनेला डोहाळजेवणातून, बारशातून, ओटी भरण्यातून वगळू नये. कोणी मुद्दाम वगळते असे नाही, पण ‘तिला वाईट वाटेल’ म्हणून हळदीकुंकवाचे बोलावणे धाकट्या जावेलाच जाते, आणि त्या दिवशी ती स्वयंपाकघरात पाठ करून भांडी घासत बसते. दवाखान्यातला कोणता अहवाल कोणाचा आणि दोष कोणात, हे घरात जाहीर करण्याचे बंधन पतिपत्नींवर नाही. ते दोघांत राहू द्यावे. मूल न होणे हे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यान्वये घटस्फोटाचे कारण होत नाही, आणि पहिली पत्नी हयात असता व ते लग्न कायम असता दुसरे लग्न करणे हा गुन्हा आहे, हे मुलाच्या आईवडिलांनी एकदा नीट समजून घ्यावे.

दत्तकाचा विचार आपल्या मुलखाला नवा नाही. साताऱ्याचे शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज १८४८ साली वारले, त्यांनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला आणि राज्य खालसा झाले, हा इतिहास येथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. त्या काळी दत्तक गादीसाठी आणि पिंडासाठी घेत; आजचा कायदा मुलाचे हित आधी पाहतो. नात्यातील मूल १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे घेता येते. अनाथ वा सोडून दिलेले मूल घ्यावयाचे तर केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे, नाव नोंदवावे लागते. लग्नाला दोन वर्षे पुरी झालेली असली पाहिजेत, समाजसेवक घरी येऊन पाहणी करतात, आणि दोन वर्षांपर्यंतचे बाळ हवे असेल तर पतिपत्नींच्या वयाची बेरीज ८५ च्या पुढे जाता कामा नये. प्रतीक्षा काही वर्षांची असते. म्हणून ज्यांच्या मनात हा विचार आहे त्यांनी सगळे उपचार थकेपर्यंत थांबू नये. नाव नोंदविले म्हणून उपचार बंदच केले पाहिजेत असे नाही. परंतु इस्पितळातून किंवा एखाद्या मध्यस्थाकडून परस्पर बाळ आणून आपल्या नावावर जन्मदाखला काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो माणूस कितीही जवळचा असो, त्याचे ऐकू नये. तो गुन्हा आहे, आणि चार-पाच वर्षांनी चौकशी आली तर मांडीवर वाढलेले मूल हातातून जाते.